हरकत असल्यास लेखी कळवावी

हद्दीपलीकडे, तेलुगू मुलखातल्या बोथला बदली झाली तेव्हा मी भाड्याने दोन खोल्या घेतल्या आणि सवयीप्रमाणे पहिल्याच संध्याकाळी वहीत यादी केली. न्हाणीघराची कडी, गळका नळ, खिडकीची एक काच, कुरकुरणारा पंखा, कॅलेंडरसाठी एक खिळा. पान फाडून घरमालकांच्या हातात दिलं. आरोग्य केंद्रात वीस वर्षं सिस्टर म्हणून काढल्यावर तोंडी तक्रारीवरचा विश्वास उडतो.

घरमालकांनी चष्मा लावला, पान शेवटपर्यंत वाचलं आणि मला परत दिलं.

"हे तं यादी झाली, सिस्टर. दरखास्त कुठी हाय?"

"फरक काय पडतो?"

"यादीले उत्तर द्या लागत नाई."

दुसऱ्या दिवशी मी रीतसर अर्ज लिहिला. तीन दिवसांनी तो समासात लाल शाईचे शेरे घेऊन परत आला. कडी: मंजूर. नळ: मंजूर. काच: मौका पाहून ठरवू. खिळा: मुआयना करून मंजूर. पंखा: विचाराधीन. मुआयन्याला ते स्वतः आले, टेप आणि ओळंबा घेऊन. भिंत मोजली, मध्य काढला, पेन्सिलीने फुली मारली आणि मी खिळा ठोकेपर्यंत पाठीशी उभे राहिले.

"आणि पंख्याचं?" मी विचारलं.

"विचाराधीन."

"म्हणजे किती दिवस?"

"हरकतीले पंधरा दिवस असते," ते शांतपणे म्हणाले. "मंजुरीले मुदत नसते."

तो पंखा पुढे साडेतीन वर्षं माझ्या डोक्यावर विचाराधीन फिरला.

मी त्यांना काकाजी म्हणे. उभ्या नोकरीत त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या होत्या. सर्व्हेयर म्हणून ते तालुकाभर फिरले आणि मंडल ऑफिसातून निवृत्त झाले, पण ऑफिस त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. उंच, वाळके, पँटच्या डाव्या खिशात टेप, उजव्या खिशात दोन टोकांना तासलेली लाल-निळी पेन्सिल. अंगणातल्या बाजेचे चारही पाय जमिनीवर कुठे टेकायचे याच्या खुणा त्यांनी चुन्याने करून ठेवल्या होत्या. काकू, म्हणजे त्यांची बायको, बाज हवी तशी ओढायच्या आणि संध्याकाळी काकाजी ती पुन्हा हद्दीत आणायचे.

नोकरीतली एकच गोष्ट ते वारंवार सांगत, आणि आपण तिच्यात शहाणे दिसतो असं त्यांना वाटे. बेल्याकडच्या एका गावात मोजणी चालली होती. साखळी बरोबर हद्दीच्या दगडापर्यंत आली आणि पाहतात तर दगडावर म्हैस बसलेली. शेतकरी म्हणाला, उठवतो. काकाजी म्हणाले, मौक्यावरच्या, म्हणजे जागेवरच्या, स्थितीला हात लावायचा नाही. तीन तास सगळे उन्हात उभे. म्हैस उठली नाही. शेवटी त्यांनी वहीत लिहिलं: हद्दीवर म्हैस असल्याने मोजणी तहकूब.

"मग शेतकरी काही बोलला नाही?" मी विचारलं होतं.

"बोलला. पन तोंडी."

दुसरी गोष्ट ते सांगत नसत, ती काकूंनी सांगितली. पेन्शनवाल्यांना वर्षातून एकदा जिवंत असल्याचा पुरावा द्यावा लागतो, हयातीचा दाखला. एका वर्षी यंत्राने काकाजींचा अंगठा ओळखलाच नाही. जन्मभर साखळ्या ओढून अंगठ्याच्या रेघा झिजल्या होत्या. काकू सांगत होत्या, "घरी आले न् बाजेवर बसले. म्हने, रेकॉर्डवर मी नाई. म्या म्हनलं, अवो, भाजी कोन्ती करू तेवढं सांगा. तं म्हने, आता माह्या सांगन्याले काय अर्थ हाय." दुसऱ्या यंत्रावर अंगठा उमटेपर्यंत नवरा घरात मयतासारखा वावरला. यंत्र चुकलं असेल असं त्याच्या मनातही आलं नाही.

निवृत्तीनंतर माणसाला काही ना काही होतं. कोणाला गुडघे होतात, कोणाला कीर्तन. काकाजींना बोन्साय झालं.

मोबाइलवर त्यांना कुठल्याशा थंड देशातला एक म्हातारा सापडला होता. तो रोपवाटिकेतलं साधं जुनिपर घेई, कात्री चालवी, तार गुंडाळी, आणि अर्ध्या तासात त्या काळ्या पिशवीतल्या झुडपाचा शे-दोनशे वर्षांचा डोंगरकड्यावरचा वृक्ष होई. काकाजी आवाज बंद करून बघत. भाषा कळत नव्हती, त्यामुळे सगळं कळलं असं त्यांना वाटे. म्हातारा दर वेळी कापण्याआधी बराच वेळ काहीतरी सांगायचा. तेवढा भाग काकाजी अंगठ्याने पुढे सरकवत. तेव्हा मी हे पाहिलं होतं आणि वहीत लिहायला हवं होतं.

फेब्रुवारी संपत आला होता. मला केंद्राच्या दारात ठेवायला चार कुंड्या हव्या होत्या, म्हणून मी स्कूटरवर इचोड्याला निघाले. काकाजी मागे बसले. हायवेला, ढाब्यांच्या रांगेपलीकडे एक रोपवाटिका आहे, तिथे गोदावरीकडून रोपांचे ट्रक येतात. एका कोपऱ्यात हिरव्या जाळीखाली वीसेक जुनिपर उभे होते. काकाजींनी टेप काढला. प्रत्येकाचा बुंधा मोजला, पेन्सिलीने माती उकरून मुळं पाहिली, उंची घेतली. रोपवाटिकेचा मालक आधी हसला, मग खुर्ची घेऊन बसला. शेवटी काकाजींनी एक निवडलं, सगळ्यांत वाकडं. कंबरेत मोडल्यासारखं एका बाजूला झुकलेलं.

मालक तेलुगूत म्हणाला, "सार, एंडलो पेट्टोद्दु." उन्हात ठेवू नका. पुढे समजावूनही सांगितलं, की हे थंड मुलखाचं झाड आहे, आपला उन्हाळा याला सोसत नाही, पावसाळ्यापर्यंत पिशवी सोडू नका, कात्री तर अजिबात नको. तेलुगू काकाजींना माझ्यापेक्षा चांगलं येतं. ऐकू येत नव्हतं, इतकंच.

"मी हजारो एकर जमीन मोजली हाय," ते परतताना माझ्या कानाशी म्हणाले. "हा दीड फुटाचा मामला."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी नऊला अंगणात तिपाई उभी राहिली. मोजणीचं जुनं लाकडी टेबल. ऑफिसात यंत्रं आल्यावर भंगारात निघालं होतं, ते त्यांनी घरी आणलं होतं. ते फिरतं, त्यामुळे झाड चहूबाजूंनी बघता येतं, हे मात्र त्यांना खरंच सुचलं होतं. मोटारवाइंडिंगच्या दुकानातून जळक्या मोटारीची तांब्याची तार आणली होती, ती कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या जाळावर तापवून नरम केली होती. तयारी पाहून मला बरं वाटलं. अवजारं ओळीत लावणाऱ्या माणसाबद्दल माझं मत आपोआप चांगलं होतं. ही माझी चूक.

कुंडी म्हणून काकूंची जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, परात होती. तिला तीन भोकं पाडून झाली होती.

काकू ज्वारीचं पीठ घेऊन बाहेर आल्या, परात शोधत. टेबलावर पाहिली. पिठाचा डबा खाली ठेवला.

"अवो, हे काय करून राह्यले?"

"कुंडी."

"मंग भाकर कायच्यात थापू? तुमच्या टोपीत?"

"परातीले खोली फक्त दोन इंच लागते. बाजारात अशी भेटत नाई."

"बाजारात परात भेटते म्हून घरात असते बाप्पा!" काकू म्हणाल्या, आणि पुढचे सहा महिने त्या घरात पीठ डेगच्याच्या झाकणात मळलं गेलं.

मग कापाकापी सुरू झाली. काकाजींचं एक ब्रीद होतं, ते तेव्हाच जन्मलं: "काय ठेवायचं ते झाड सांगते. काय तोडायचं ते मी सांगतो." झाडाने काय सांगितलं ते आम्हाला ऐकू आलं नाही. काकाजींचं दुपारपर्यंत चाललं. तीनपैकी दोन भाग हिरवळ खाली पडली. उरलेल्या प्रत्येक फांदीला तार गुंडाळली, फांद्या खाली वाकवल्या, कारण म्हाताऱ्या झाडाच्या फांद्या ओझ्याने खाली येतात. एका फांदीची साल सोलून तिला पानाच्या डब्यातला चुना फासला. याला जीन म्हणतात, त्यांनी मला सांगितलं. झाडाचा एक भाग मुद्दाम मारायचा, म्हणजे बाकीचं म्हातारं आणि सोसलेलं दिसतं. मग पिशवी फाडली, मुळांवर पाण्याचा पाइप धरून माती धुतली आणि निम्मी मुळं कापून टाकली, कारण ती परातीच्या हद्दीबाहेर जात होती.

एवढं एका माणसाचं एका बैठकीत करायचं असतं, तर आम्ही नातेवाइकांची सही घेतली असती.

पण दिसायला झाड देखणं झालं, हे लिहिलं पाहिजे. वाकलेला बुंधा, पांढरी फांदी, हिरव्या गादीसारखे चार पसारे. गल्लीतले लोक बघायला आले. काकाजी त्यांना टेबल फिरवून दाखवत आणि निघताना प्रत्येकात एखादी जास्तीची फांदी काढून दाखवत. किराणा दुकानदाराला म्हणाले, तुमी बोलता फार, तेवढं छाटा. मला म्हणाले, "सिस्टर, तुमच्या याद्या. खालच्या अर्ध्या उडवून टाका." काकूंकडे बोट करून म्हणाले, "हिची वाढ आडवी होऊन राह्यली."

"माही मुळं नाई कापली अजून तुमी," काकू म्हणाल्या, "म्हून वाढून राह्यली."

आता कडुनिंबाविषयी सांगायला हवं.

अंगणाच्या पश्चिम कोपऱ्यात एक निंब होता. घराच्या स्लॅबच्या वर गेलेला, रुंद. बोथच्या उन्हाळ्यात दुपारी एकनंतर त्या घरात माणूस राहू शकत होता तो त्या निंबामुळे. काकूंचे दोन्ही गुडघे गेले होते. उन्हाळाभर त्यांचं सगळं राज्य त्या सावलीत बाजेवर चाले. शेवया, कुरडया, गल्लीतल्या बायका, त्यांच्या सुनांच्या तक्रारी, माझा चार वाजताचा चहा. खोलीत जाऊन निजणं त्यांना जमत नसे. भिंती तापल्या की त्यांचा दम वाढायचा. रक्तदाबाची त्यांची गोळी माझ्या यादीत होती. तिच्याखाली मी लिहून ठेवलं होतं: दुपारी सावलीत बसणे.

पंधरा-सोळा दिवस झाले तरी जुनिपरला नवा कोंब आला नाही. काकाजींनी दुपारी दोन ते पाच टेबलाजवळ खुर्ची टाकून निरीक्षण केलं आणि निष्कर्ष काढला. मोबाइलवरच्या म्हाताऱ्याचं झाड दिवसभर उन्हात असतं. आपल्या झाडावर दोननंतर निंबाची सावली पडते. टेबल सरकवता येणार नाही, कारण ते पाण्याच्या पातळीत बसवलंय. म्हणून निंब.

कोणी साधा माणूस असता तर कुऱ्हाडवाल्याला बोलावून मोकळा झाला असता. काकाजींनी मालक म्हणून स्वतःकडे दरखास्त केली, ती दाखल करून घेतली, निंबाचा मुआयना केला, आणि निंबाच्या खोडावर खिळ्याने नोटीस लावली. खालील वृक्ष बुंध्यापासून तोडण्याचे योजिले आहे. हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावी. मुदतीनंतर ऐकले जाणार नाही. सोळाव्या दिवशी सकाळचा कुऱ्हाडवाला सांगूनही ठेवला.

मी त्याच संध्याकाळी हरकत लिहिली. मुद्देसूद, क्रमांक घालून: स्लॅब तापेल, काकूंची तब्येत, माझ्या खोलीची पश्चिमेची भिंत. सकाळी दाराखालून उत्तर आलं. भाडेकरूस जमिनीवरील वृक्षात हक्क नाही. सबब ना-मंजूर.

"आता तुम्हीच लिहा," मी काकूंना म्हटलं. "घर दोघांच्या नावावर आहे. तुमचं त्यांना ऐकावंच लागेल."

काकू शेंगा सोलत होत्या. "माह्याच अंगनात, माह्याच झाडासाठी, माह्याच नवऱ्याले अर्ज देऊ मी?"

"द्या ना. दोन ओळींचा तर प्रश्न."

"नाई. चाळीस वर्ष तोंडी चाललं माहं. तोंडीच चालन." नोटिशीकडे न बघता त्यांनी शेंगांची टोपली जवळ ओढली. पण त्या दिवशी त्यांचा हात सारखा थांबत होता. मधेच वर पाहायच्या, निंबाला नवी पालवी फुटत होती तिकडे.

अकराव्या दिवशी काकाजींना बहिणीकडे बेल्याला जावं लागलं, भाचीच्या लेकराच्या बारशाला. तीन दिवस. निघताना त्यांनी जुनिपरचा ताबा माझ्याकडे दिला. ताबा म्हणजे कागद: दीड फूट उंचीचे जिवंत जुनिपर, चार पसारे, एक जीन, सुस्थितीत सोपवले. सकाळी एक तांब्या, संध्याकाळी एक. खाली माझ्या सहीची जागा.

ते एसटीत बसल्यावर मी चष्मा लावला. माल तपासल्याशिवाय मी औषधाच्या खोक्यावरही सही करत नाही.

लांबून झाड हिरवं होतं. जवळून त्या हिरव्यात वाळल्या मेंदीचा करडेपणा होता. टोकं चिमटीत धरली तर खरखरीत, काड्यांसारखी. मी नखाने बुंध्याची साल जराशी खरवडली. जिवंत झाडाच्या सालीखाली ओलं हिरवं असतं. इथे तपकिरी होतं, कोरडं, पेन्सिलीच्या लाकडासारखं. वर एका फांदीवर पाहिलं. तसंच. मुळाजवळ पाहिलं. तसंच.

मरण ओळखायला मला वेळ लागत नाही. नातेवाइकांना सांगायला लागतो.

"काय पाहून राह्यल्या?" काकूंनी बाजेवरून विचारलं.

"काकू, हे मेलंय."

"हिरवं तं दिसते."

"हे झाड असंच असतं. मेल्यावर महिना-दीड महिना हिरवं राहतं. आतून कधीचं संपलंय."

काकू गुडघ्यांवर हात टेकत उठल्या, आल्या, पाहिलं. माझ्या नखाने उघडलेली ती तपकिरी जागा त्यांनी अंगठ्याने चोळली. मग इकडेतिकडे पाहिलं, कोणी ऐकत नाही ना म्हणून.

"त्यायले सांगू नका."

"का? उलट सांगितलं तर निंब वाचेल."

"नाई वाचनार. सांगतलं तं म्हनतीन, निंबाच्या सावलीनंच मारलं. मंग रागानं तोडतीन, अन् दुसरं आनतीन याच्या जागेवर." त्या बाजेवर जाऊन बसल्या. "अन् नाई सांगतलं तं सोळाव्या दिवशी कुऱ्हाडवाला येते. मेलेल्या झाडाले ऊन पाहिजे म्हून."

दोन्ही बाजूंनी निंबच जात होता. मी वही उघडली आणि काय काय करता येईल त्याची यादी करायला बसले. तीन मुद्द्यांपुढे गेली नाही आणि तिन्ही निरुपयोगी होते. काकू मघाचा तो तपकिरी अंगठा पदराला पुसत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "सिस्टर, ते अंगठ्याचं यंत्र आठवते का तुमाले? म्या सांगतलं होतं."

"हो. का?"

"एक कोरा कागद द्या. अन् मी काय लिहून राह्यली ते पाहू नका."

मी पाहिलं नाही, पण कान टवकारून बसले. अर्धा तास पेन कागदावर कुरकुरत होतं, चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

पंधराव्या दिवशी दुपारी दोन वाजता काकाजी बाहेर आले, नोटीस काढून घ्यायला. काकूंनी बाजेवरूनच कागद पुढे केला.

"हे काय?"

"हरकत. लेखी. मुदतीत."

काकाजींनी चष्मा बदलला. मी चहाचा कप हातात धरून उभी होते. त्यांनी ते मोठ्याने वाचलं, कारण अर्ज मोठ्याने वाचायची त्यांची रीत होती.

"विनंती की, निंब तोडण्याचे योजिले आहे ते जुनिपरास ऊन मिळावे म्हणून. ज्यास सरकारी पैसा मिळतो त्यास दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तुम्हीही दिला आहे. तरी जुनिपराचा हयातीचा दाखला घेतल्याशिवाय निंबास हात लावू नये. कळावे."

ते थांबले. पुन्हा वाचलं, या वेळी मनात. लाल-निळी पेन्सिल बाहेर आली, समासापाशी गेली आणि तशीच राहिली. माणूस खोटं बोलायला तयार नसला की तो किती अडचणीत येतो, हे मी जवळून पाहिलं.

"बराबर हाय," शेवटी ते म्हणाले. "लाभार्थी हयात पाहिजे. सिस्टर, तुमी आरोग्य खात्याच्या. पाहा."

"साल खरवडून पाहावी लागेल."

"काऊन? डोळ्यानं हिरवं दिसते ना."

"अंगठाही डोळ्यांना दिसतो, काकाजी."

हे जरा जास्तच झालं. पण त्यांनी खिशातून पेन्सिल तासायचा चाकू काढला आणि मला झाडाला हात लावू न देता स्वतः खाली वाकले. पहिली खूण चुना लावलेल्या फांदीशेजारी केली. तपकिरी. "इथी जीन हाय, म्हून," ते म्हणाले. दुसरी वरच्या पसाऱ्यात. तपकिरी. तिसरी बुंध्याला. चाकूने टिकलीएवढी साल निघाली आणि आतलं कोरडं लाकूड दिसलं. त्यांनी टेप काढला आणि ती खूण मोजली. का मोजली, त्यांनाच माहीत. मग टेप सुटला आणि खट्टकन डबीत गेला.

"किती दिस झाले असतीन?"

मला मवाळ उत्तर देता आलं असतं. "तुम्ही कापलं, त्याच दिवशी," मी म्हटलं.

निंबाची तळहाताएवढी सावली नुकतीच टेबलावर आली होती, तिकडे त्यांनी पाहिलं. निंबाला दोष द्यायची ती वेळ होती. काकाजींनी काकूंचा कागद टेबलावर ठेवला आणि समासात लाल पेन्सिलीने लिहिलं, वळणदार, शिरोरेषा मारून:

मौका मुआयना केला. लाभार्थी हयात नाही. हरकत मंजूर. निंब कायम.

"सरका इकडं," काकू म्हणाल्या. "बाजेवर बसा. उन्हात उभे राह्यले." ते बसले. बाज हद्दीच्या दीड हात बाहेर होती. त्या दिवशी त्यांनी ती आत घेतली नाही.

सोळाव्या दिवशी सकाळी कुऱ्हाडवाला आलाच. काकूंनी त्याला चहा दिला आणि टेबलाकडे बोट दाखवलं. "निंब नाई तोडाचा. हे तोडा." तो दीड फुटी झाडाकडे आणि हातातल्या कुऱ्हाडीकडे आळीपाळीने बघत राहिला. "तोडू नको," काकाजी आतून म्हणाले. मग दिवसभर बसून त्यांनी एकेक वेढा सोडवत सगळी तांब्याची तार काढली, सरळ केली, भेंडोळं करून ठेवली. तार निघाली तरी एकही फांदी जागची हलली नाही. जिथे वाकवली होती तिथेच होती. मेलेलं झाड फार आज्ञाधारक असतं.

मग एप्रिलमध्ये त्याचा रंग गेला, आणि आलेल्या-गेलेल्याला काकाजी सांगू लागले, की आता पूर्ण झाडच जीन झालंय. ही फार वरची शैली आहे. परदेशातसुद्धा कोणाला साधत नाही.

माझी बदली झाली. दीडेक वर्षांनी लसीकरणाच्या कामाला बोथला गेले तेव्हा चार वाजता चहाला त्यांच्याकडे डोकावले. निंब तसाच, बाज तशीच, तिच्यावर शेवयांचं कापड. तीन भोकांच्या परातीत काकूंनी सांबार, म्हणजे कोथिंबीर, लावला होता, गर्द हिरवा. निंबाच्या सावलीत काकाजी खुर्चीवर बसले होते. समोर टेबलावर नवं जुनिपर होतं, काळ्या पिशवीत, अख्खं, एक पान न तोडलेलं. कात्री त्यांच्या मांडीवर होती.

"काकाजी, किती दिवस झाले आणून?"

"पावसाळा काढला यानं."

"मग कापत का नाही?"

त्यांनी निंबाकडे हनुवटी केली. जुन्या खिळ्यावर एक कागद होता. वर काकाजींच्या शिरोरेषांची दरखास्त: जुनिपराच्या खालच्या दोन फांद्या छाटण्यास परवानगी मिळावी. समासात, लाल पेन्सिलीने, काकूंचं अक्षर: विचाराधीन.

"पंधरा दिवस कधीच उलटले असतील," मी म्हटलं.

"ते हरकतीचे," काकू शेवया पसरत म्हणाल्या. "मंजुरीले मुदत नसते, सिस्टर. यायनंच शिकवलं."

काकाजींनी मांडीवरची कात्री मिटली. तोंडी बोलून काही उपयोग नव्हता. आतून, माझ्या जुन्या खोलीतून, पंख्याची कुरकुर ऐकू येत होती.